वाळूत सिलिका जेल मुरवायचं तर आधी घड्याळ लावा

पुण्यात पाया खणला की काळी माती, मुरूम नाहीतर थेट कातळ. भूकंपात ओली वाळू पातळ होते, हे आमच्या लॅबमधल्या पोरांना पटतच नाही. 2001 मध्ये कच्छच्या रणात जमिनीतून वाळू-पाणी उसळलं होतं, पण त्याचे फोटो दाखवून भागत नाही. करूनच दाखवावं लागतं. आणि कणांमधल्या फटींत सिलिकाचं जेल बसवलं की तीच वाळू टिकते, हेही.

त्यासाठी लागते कोलॉइडल सिलिका, म्हणजे पाण्यात तरंगणारे सिलिकाचे अतिसूक्ष्म कण. ती भोसरीकडच्या इन्व्हेस्टमेंट कास्टिंगवाल्यांकडे विचारा. साच्यांना ते हीच वापरतात. 30 टक्क्यांची असेल तर वजनाने 1 भाग सिलिकेला 5 भाग पाणी घाला, 5 टक्क्यांचं द्रावण होतं. कण नॅनोमीटरमधले, द्रावण जवळपास पाण्याइतकं पातळ. सिमेंटचे कण बारीक वाळूच्या तोंडाशीच अडकतात, हे फारसा दाब न देता आत जातं.

खरी मेख जेल बसायच्या वेळेत. लवकर बसलं तर नळीतच तुंबेल. उशिरा बसलं तर प्रत्यक्ष जागेवर भूजल ते पातळ करून वाहून नेईल. म्हणून वाळूला हात लावण्याआधी बाटल्या मांडा. प्रत्येकीत द्रावण घेऊन मीठ कमी-जास्त घाला. हातमोजे, चष्मा घालून विरळ हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबथेंब सोडत, ढवळत सामू 6 च्या आसपास आणा. घाई केलीत तर गुठळ्या. बाटली आडवी केल्यावर आतलं हललं नाही की वेळ टिपा. पाणी डिस्टिल्डच घ्या, बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम सगळं गणित बिघडवतं. वाळूतले क्षारही तेच करतात, तेव्हा एका बाटलीत तीच वाळू घालून बघा.

वाळू नदीचीच हवी. क्रश सँडचे, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूचे, कण कंगोरेदार. धुऊन 600 मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली, 150 वर राहिलेली घ्या. दोन पारदर्शक नळकांड्यांत नरसाळ्याने अलगद सोडा, ठोकू नका. खालून हळू पाणी चढवा, हवा निघून जाईल. मग एकात खालूनच, निवडलेल्या बाटलीच्या मापाने मीठ-आम्ल घातलेलं, रंगवलेलं द्रावण सोडा. ते पाण्याहून किंचित जड असल्याने पाणी वर ढकलत जातं. वर पूर्ण रंग दिसेपर्यंत द्रावण सोडणं थांबवू नका.

द्रावण सोडायच्या नळ्या लगेच धुवा. आत जेल बसलं की त्या फेकाव्याच लागतात.

बाटलीतल्या वेळेच्या निदान चौपट थांबून दोन्हींवर एकेक जड बोल्ट ठेवा आणि बाजूने टिचक्या मारा. साध्या वाळूत तो गडप होतो, दुसरीत वरच राहतो. यावरून कुणी डिझाइन करू नये, त्याला सायक्लिक ट्रायअ‍ॅक्सियल चाचणीच हवी, म्हणजे नमुना सगळीकडून दाबून त्यावर भार पुन्हा पुन्हा कमी-जास्त करायची चाचणी. मोकळ्या प्लॉटवर तर मी हे सुचवणारही नाही, तिथे वाळू हादरवून दाबणं स्वस्त पडतं. वर इमारत उभी असेल, तिथे हे कामाचं.