नको असलेले अपग्रेड रोखण्याआधीची तयारी

ठाण्यात आणि नवी मुंबईत घरूनच लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा अशी मराठी अक्षरजुळणीची कामे घेणाऱ्या काहींचे जुने टंकन सॉफ्टवेअर आणि त्याहून जुना प्रिंटर विंडोज १० वरच नीट चालतात. संगणक विंडोज ११ वर गेला की ऐन लग्नसराईत काम अडते.

अपग्रेड रोखणे म्हणजे अपडेट बंद करणे नव्हे. विंडोज अपडेटची सेवाच बंद पाडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो कृपया ऐकू नये, कारण त्याने सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने विस्तारित सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करावी. तिला विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती लागते.

बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यावा. मागच्या वेळी अपग्रेड रोखताना तो मी घेतला होता. राहिली ती रिकव्हरी की, म्हणजे कुलूपबंद डिस्क उघडण्याचा संकेतांक. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या कित्येक लॅपटॉपवर मालकाच्या नकळत डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते. अशा यंत्राच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, टीपीएम हा सुरक्षेचा घटक बंद केला, की पुढच्या वेळी निळा पडदा उघडून ४८ अंकी की मागतो, आणि ती नसेल तर डिस्कवरचे काहीही हाती लागत नाही. म्हणून सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर ही डिस्क कुलूपबंद करणारी सोय चालू आहे का ते पाहावे. असल्यास मायक्रोसॉफ्ट खात्यातून सहा-सहा अंकांचे आठ गट कागदावर उतरवून घरातल्या दुसऱ्या कोणाकडून ताडून घ्यावेत. त्याच संगणकात जपलेली की निरुपयोगी आहे.

विंडोजच्या प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसी एडिटर या नियम ठरवण्याच्या साधनातील विंडोज अपडेटच्या विभागात लक्ष्य आवृत्ती ठरवण्याचे धोरण असते. तेथे उत्पादन म्हणून विंडोज १० आणि आवृत्ती म्हणून २२एच२ अशी दोन्ही नावे भरावीत, कारण २२एच२ नावाची आवृत्ती विंडोज ११ लाही आहे. होम आवृत्तीत हा एडिटर नसतो, म्हणून त्याच नोंदी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या कोठारात, कराव्या लागतात. आधी रजिस्ट्रीची प्रत काढावी. त्यानंतर अपडेटच्या पानावर काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते असे इंग्रजी वाक्य दिसेल. घाबरू नये, धोरण लागू झाल्याची ती खूण आहे.

टीपीएम बंद करणे हा जादा अडसर आहे, कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते. की कागदावर आहे ना? नसेल तर बायोस उघडूच नये. पिन चालेनासा होऊ शकतो, म्हणून खात्याचा पासवर्डही पाठ हवा.

उरलेले थोडक्यात. अपडेट पुढे ढकलण्याची सोय ३५ दिवसांपुरतीच आहे, तिच्यावर विसंबू नये. घरातल्या कोणी विंडोज ११ बसवणारा इन्स्टॉलेशन असिस्टंट स्वतः चालवला तर हे धोरण त्याला अडवत नाही, तेव्हा सर्वांना सांगून ठेवावे. तरीही अपग्रेड झालेच, तर दहा दिवसांच्या आत रिकव्हरीच्या पानावरून मागे जाता येते. तेव्हाही तो कागद हाताशी ठेवावा.