मलेरियाच्या परजीवीवर पीएचडी करताना

मलेरियाच्या परजीवीवर संशोधन करू इच्छिणाऱ्यांनी विषय निवडण्याआधी या जीवाचे वेळापत्रक समजून घ्यावे, असे मला माझ्या अनुभवावरून ठामपणे वाटते. प्लास्मोडियम फाल्सिपेरम हा मलेरियाचा परजीवी तांबड्या रक्तपेशीत शिरल्यापासून ती फोडून बाहेर पडेपर्यंत सुमारे ४८ तास जातात, आणि एखादे जनुक नेमके कधी कार्यरत होते हे पाहायचे असेल, तर मध्यरात्र असो वा रविवार, नमुना त्याच वेळी घ्यावा लागतो.

हा परजीवी प्रयोगशाळेत सतत वाढवण्याची पद्धत ट्रेगर आणि जेन्सन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. आजही कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या परजीवींची, मूळ चौकट तीच आहे: मानवी रक्तपेशी, पोषक माध्यम, ३७ अंश सेल्सिअस तापमान आणि हवेपेक्षा कमी ऑक्सिजन. ही निगा काही आठवड्यांत हातात बसते. सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड वाचायला शिकण्यास मात्र कितीतरी अधिक काळ लागतो, आणि माझ्या मते या क्षेत्रातले खरे शिक्षण तिथेच होते. गिम्सा या रंगाने रंगवलेल्या स्लाइडवर कोवळा परजीवी निळसर कड्यासारखा दिसतो व त्यावर लालसर ठिपका असतो. पुढे तो पेशी व्यापू लागतो आणि हिमोग्लोबिन पचवताना तयार झालेले तपकिरी रंगद्रव्य त्यात दिसू लागते. रंगाचे साचलेले कणही नवख्या डोळ्यांना परजीवीच वाटतात, पण फोकस किंचित वरखाली केल्यास ते बहुधा पेशीच्या वरच्या पातळीवर असल्याचे कळते. आकसलेले, गडद ठिपके वाढू लागले, तर कल्चर आजारी आहे असे समजून नियोजित प्रयोग पुढे ढकलावा. अशा कल्चरवर औषधाची चाचणी घेतली, तर परिणाम औषधाचा की उपासमारीचा हे सांगता येत नाही.

सर्व परजीवी एकाच वयाचे हवे असल्यास सॉर्बिटॉल या साखरेसारख्या पदार्थाचे ५ टक्के द्रावण वापरतात. वाढलेल्या परजीवीमुळे पेशीचे आवरण अधिक पारगम्य झालेले असते, म्हणून सॉर्बिटॉल आत शिरून त्या पेशी फुटतात आणि कोवळे परजीवी असलेल्या पेशी टिकतात. कल्चर गोठवून ठेवतानाही हीच कोवळी अवस्था निवडावी, कारण वाढलेले परजीवी गोठवणे आणि वितळवणे सहसा सोसत नाहीत. प्रत्येक नवा जनुकबदल केलेला वाण हाती येताच, त्यावर पहिला प्रयोग करण्याआधीच, त्याच्या कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवाव्यात. असा वाण पुन्हा तयार करायचा म्हणजे कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात.