मॅरेथॉनच्या पदकांचा अंदाज बांधताय? या चुका टाळा

ऑलिंपिक किंवा जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेची मॅरेथॉन जवळ आली की ठाण्यातल्या रनिंग ग्रुपमध्ये अंदाजांना ऊत येतो. आमच्याकडे रविवारचा लाँग रन संपवून उपवनला चहा घेताना प्रत्येकाकडून पुरुषांची तीन आणि महिलांची तीन नावं क्रमाने लिहून घेतात. ती वही माझ्याकडे असते. वहीत चुका दरवेळी त्याच होतात आणि त्या टाळता येण्यासारख्या आहेत.

वेळांची यादी उतरवून काढू नका

ही सगळ्यात मोठी चूक. वर्षातल्या वेगवान वेळांची यादी उघडायची, वरची तीन नावं उचलायची आणि मोकळं व्हायचं. पण बर्लिन मॅरेथॉनची वेळ सपाट रस्त्यावर, थंड हवेत आणि पेसरच्या, म्हणजे ठरावीक वेगाने पुढे धावून देणाऱ्याच्या, मागे धावून आलेली असते. ऑलिंपिक आणि जागतिक स्पर्धेत पेसर नसतात. वारा अंगावर घ्यायला कुणी तयार नसतं, पंचवीस-तीस किलोमीटर सगळा घोळका एकमेकांवर नजर ठेवून असतो आणि खरी मारामारी त्यानंतर सुरू होते.

इथिओपियाच्या तिगिस्त असेफाचंच बघा. २०२३ मध्ये बर्लिनला तिने २:११:५३ अशी वेळ दिली. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सची सिफान हसन २:२२:५५ मध्ये जिंकली, म्हणजे असेफाच्या त्या वेळेपेक्षा अकरा मिनिटं सावकाश, आणि तरी असेफा तीन सेकंदांनी मागे राहिली. २०२५ ला टोकियोच्या जागतिक स्पर्धेत पुन्हा तेच झालं. केनियाची पेरेस जेपचिरचिर दोन सेकंदांनी पुढे, असेफाला पुन्हा रौप्य. कागदावर सर्वात वेगवान असलेली धावपटू दोन्ही वेळा शेवटच्या काही मीटरमध्ये हरली. हसन त्याच पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५,००० आणि १०,००० मीटरची कांस्यपदकं घेऊन आली होती. दोन नावं तुल्यबळ वाटत असतील तर ट्रॅकवरून आलेल्याला वर ठेवा.

मग बघायचं काय? बॉस्टन आणि न्यूयॉर्क मॅरेथॉन. तिथे चढ आहेत आणि एलिट धावपटूंना पेसर दिले जात नाहीत. इथिओपियाच्या तामिरात तोलाने २०२३ ला न्यूयॉर्क २:०४:५८ मध्ये जिंकली, नऊ महिन्यांनी पॅरिसचं सुवर्ण त्याचं. केनियाची हेलन ओबिरी २०२३ मध्ये बॉस्टन आणि न्यूयॉर्क दोन्ही जिंकली, पॅरिसला कांस्य. पॅरिसचा मार्ग व्हर्सायपर्यंत जाऊन परत येणारा, अंगावर येणाऱ्या चढांचा होता. उपवनहून येऊरच्या गेटपर्यंत कधी पळत गेला असाल तर सपाट रस्त्यावरचा पेस तिथे कसा गळून पडतो ते मी सांगायला नको.

तिन्ही पदकं केनिया-इथिओपियाला देऊन टाकू नका

वहीतली निम्मी पानं अशीच भरलेली असतात आणि दिसायला ती अगदी बरोबर दिसतात. प्रत्यक्ष निकाल पाहा. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकपासून २०२५ च्या टोकियो जागतिक स्पर्धेपर्यंत पाच स्पर्धा झाल्या, पुरुष-महिला मिळून दहा शर्यती. एकाही शर्यतीत तिन्ही पदकं या दोन देशांत गेली नाहीत. दहापैकी सात सुवर्णं त्यांचीच, हे खरं. पण दहापैकी सात कांस्यपदकं बाहेरच्यांनी नेली! अमेरिकेची मॉली सायडेल, मोरोक्कोची फातिमा गर्दादी, उरुग्वेची जुलिया पातेर्नाइन. पातेर्नाइनची ती आयुष्यातली दुसरीच मॅरेथॉन होती, सायडेलची तिसरी. टोकियो २०२५ च्या पुरुष गटात तर टांझानियाचा अल्फोन्स सिंबू, जर्मनीचा अमनल पेत्रोस आणि इटलीचा इलियास अवानी. केनिया-इथिओपियाला एकही पदक नाही.

कारण साधं आहे. एका देशाचे साधारण तीनच धावपटू उतरतात. त्यातला एखादा सोन्यासाठी जोर लावून घोळक्यातून पुढे निघाला आणि मग गळाला, की मागून जपून येणाऱ्याला वाट मोकळी. म्हणून सुवर्णासाठी नेहमीची नावं लिहा, कांस्यासाठी मात्र बाहेर शोधा. बेल्जियमच्या बशीर आब्दीचं नाव आमच्या वहीत क्वचितच येतं. त्याने २०२१ ला कांस्य, २०२२ ला कांस्य आणि २०२४ ला रौप्य घेतलं आहे.

उकाडा विसरू नका

ऑक्टोबरमध्ये घोडबंदर रोडला सकाळी सातनंतर धावणाऱ्यांना हे पटकन कळावं, तरी अंदाज लिहिताना नेमकं हेच निसटतं. २०१९ ला दोहाच्या जागतिक स्पर्धेत महिला मॅरेथॉन मध्यरात्री सुरू करूनही ६८ पैकी २८ जणी शर्यत पूर्ण करू शकल्या नाहीत. स्पर्धा उन्हाळ्यात असेल तर आधीच्या गरम शर्यतींत कोण टिकलं ते शोधा. जेपचिरचिर २०२१ ला सापोरोच्या उकाड्यात (टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन तिथे झाली) जिंकली होती, चार वर्षांनी टोकियोच्या उकाड्यातही तीच जिंकली.

नावाच्या प्रेमात पडू नका

केनियाच्या एलिउद किपचोगेवर माझंही प्रेम आहे. २०१६ आणि २०२१ ची ऑलिंपिक सुवर्णपदकं त्याची. पण पॅरिसला तो तिसाव्या किलोमीटरनंतर थांबला. उकाड्याचा हिशेब सोडला, तर अंदाज लिहिताना फक्त गेल्या बारा महिन्यांतल्या शर्यती बघा.

अंदाज लवकर गोठवू नका

पॅरिसच्या इथिओपियन संघात तोला मुळात राखीव होता. सिसाय लेम्माला दुखापत झाली म्हणून त्याला जागा मिळाली, आणि त्याने २:०६:२६ चा ऑलिंपिक विक्रम केला. ज्यांनी महिनाभर आधी नावं पक्की केली त्यांच्या पानावर तोला असणंच शक्य नव्हतं. अंतिम स्टार्ट लिस्ट आल्यावर एकदा तरी तपासा. पुढची जागतिक स्पर्धा २०२७ ला बीजिंगमध्ये आहे. तिथलं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास, म्हणजे तिथे सकाळी सातला शर्यत सुटली तर ठाण्यात पहाटेचे साडेचार. ग्रुपवर मुदत आदल्या रात्री दहाची ठेवा, आणि दुरुस्ती त्याआधी एकदाच करू द्या.