लहानपणी पाहिलेला देवमासा पुन्हा पाहायला जाताना

रत्नागिरीच्या झाडगावात सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय आणि संग्रहालय आहे. कोकणातल्या अनेकांनी ते शाळेच्या सहलीत, रांगेत उभे राहून घाईघाईने पाहिलेले असते. मीही चौथीत असताना तसेच पाहिले आणि पुन्हा गेले ती थेट चाळिशी ओलांडल्यावर. अशी दुसरी भेट नीट घडावी असे वाटत असेल, तर निघण्यापूर्वी आठवते ते सारे कागदावर लिहून काढावे. कारण प्रत्यक्ष वस्तू एकदा समोर आली की जुनी आठवण तिच्यात मिसळून जाते आणि लहानपणी आपल्या नजरेला नेमके काय पडले होते, हे मग कळेनासे होते. माझ्या कागदावर देवमाशाच्या फासळ्या होत्या, उपड्या होडीसारख्या. बाकी सांगाड्याचा मागमूस नव्हता.

संग्रहालयाच्या आधी सकाळी मिरकरवाडा बंदरावर जावे. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, तेव्हा हे दोन महिने टाळावेत. ताज्या बांगड्याच्या पाठीवरची निळसर-हिरवी झाक आणि काळसर रेघा डोळ्यांत साठवून मग बरणीतल्या माशांसमोर उभे राहावे. फॉर्मॅलिनमध्ये शरीर टिकते, रंग टिकत नाही. लहानपणी ते सगळे मासे एकसारखे पांढुरके वाटले, ते त्यामुळेच. पाट्यांवरची शास्त्रीय नावे उतरवून घ्यावीत आणि त्यांची इथली नावे मासे विकणाऱ्या मावशींना विचारावीत.

सर्वांत जास्त वेळ मात्र देवमाशाच्या सांगाड्याला द्यावा. आधी जबडा पाहावा. दात नसतील, तर तो प्राणी तोंडातल्या झालरींनी पाणी गाळून खाणारा होता. या झालरी आपल्या नखांच्याच द्रव्याच्या असल्यामुळे हाडांबरोबर सहसा उरत नाहीत. मग मान पाहावी. एवढ्या अवाढव्य प्राण्याच्या मानेत मणके सातच, म्हणजे आपल्याइतकेच असतात, फक्त दाबून चपटे झालेले. वल्ह्यासारख्या पराशी थोडे थांबावे, कारण त्याच्या आत खांदा, कोपर, मनगट आणि बोटांची हाडे ओळीने सापडतात; मी माझा हात त्याच्या शेजारी धरून एकेक सांधा जुळवून पाहिला. कमरेची दोन लहान हाडे कण्याला जोडलेली नसतात आणि सांगाडा उभारताना पुष्कळदा हरवतात, म्हणून ती दिसली नाहीत तर तिथल्या कर्मचाऱ्यांना जरूर विचारावे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे पिल्लू आले होते. त्याला समुद्रात परत नेण्यासाठी माणसांनी जिवाचे रान केले, तरी ते वाचले नाही. ते ज्यांच्या लक्षात आहे, त्यांना या हाडांपाशी पोहोचल्यावर आवाज आपोआप खाली आणावासा वाटेल.

घरी आल्यावर जुना कागद काढावा, पण त्यावरची एकही ओळ खोडू नये. तिच्याखाली वेगळ्या शाईने आज दिसलेले लिहावे आणि वर तारीख घालावी.