पोर्टवर रेट लिमिट लावताना बर्स्टच्या आकड्याने माझे तीन दिवस खाल्ले

व्हीलॅन, ट्रंक, ॲक्सेस लिस्ट वगैरे येतं असं धरूनच लिहितोय. नेटवर्किंगच्या पहिल्या नोकरीत कधीतरी कोणीतरी सांगतंच, "त्या पोर्टवरून आत येणारा ट्रॅफिक १० एमबीपीएसवर बांधून टाक." दहा मिनिटांचं काम वाटतं. मला तीन दिवस लागले आणि त्यातले दोन मी युजरच्या लॅपटॉपला शिव्या घालण्यात घालवले.

सिस्कोचा कॅटॅलिस्ट ३५६० स्विच होता. क्लास-मॅप (कोणता ट्रॅफिक पकडायचा) केला, पॉलिसी-मॅपमध्ये (त्याचं काय करायचं) 'पोलिस १००००००० ८००० एक्सीड-ॲक्शन ड्रॉप' टाकलं, पोर्टवर सर्व्हिस-पॉलिसी इनपुट लावली. शेवटचा ८००० म्हणजे बर्स्ट, एका दमात किती जाऊ द्यायचं तो आकडा. ८००० का? तर सीनियरच्या नोटपॅडमध्ये ८००० होतं म्हणून. त्याला विचारलं तर म्हणाला, चालतंय ना, मग हात लावू नको. (अशा माणसाकडून कॉन्फिग घ्या हवं तर, पण शिकायला जाऊ नका.) आयपर्फने (स्पीड मोजायचं टूल) यूडीपी २० एमबीपीएस सोडलं, पलीकडे साधारण १० निघालं, खूश होऊन तिकीट क्लोज केलं. दुसऱ्या दिवशी युजरचा फोन, अपलोड ३ च्या वर सरकतच नाही.

आता इथे जरा थांबा. त्या कमांडमधला पहिला आकडा बिट्स पर सेकंद आहे आणि दुसरा बाइट्स. मी दोन्ही एकाच मापात धरून बसलो होतो. ८००० बाइट्स म्हणजे १५०० ची जेमतेम पाच पॅकेट, आणि त्या स्विचवर ती चालणारी सगळ्यात छोटी व्हॅल्यू आहे. पोलिसरकडे, म्हणजे रेट बांधणाऱ्या यंत्रणेकडे, टोकनची बादली असते, पॅकेट आत गेलं की तेवढे बाइट्स तीतून कमी होतात; ८००० ची बादली १० एमबीपीएसच्या धारेने भरायला ६.४ मिलिसेकंद लागतात. पण पोर्ट तर गिगाबिटचा! पीसी १० च्या स्पीडने हळूहळू पाठवत नाही, तो पूर्ण गिगाबिटनेच फेकतो आणि मग गप्प बसतो. त्या स्पीडला ८००० बाइट्स ६४ मायक्रोसेकंदात संपतात. म्हणजे टीसीपीने एका दमात चाळीस पॅकेट सोडली तर पाच-सहा आत, बाकी सगळी ड्रॉप, कारण पोलिसरकडे क्यू नसते, थांबवून ठेवणं हे शेपिंगचं काम. ड्रॉप झालं की टीसीपी विंडो आवळतो, परत वाढवतो, परत मार खातो, त्यामुळे सरासरी दहापर्यंत पोचतच नाही. यूडीपीला ड्रॉपचं सोयरसुतक नाही म्हणून माझी टेस्ट पास. तेव्हा टेस्ट टीसीपीनेच करा!

सिस्कोचा जुना ठोकताळा असा, की रेट भागिले ८ गुणिले १.५ सेकंद. १० एमबीपीएसला १८,७५,००० बाइट्स येतात, पण ३५६० वर कमाल १०,००,००० च घेतं, मी तेवढे टाकले आणि अपलोड ९ च्या वर गेलं. सुरुवातीला एखादा एमबी फुल स्पीडने निसटतो, निसटू दे.

ड्रॉप बघायला 'शो पॉलिसी-मॅप इंटरफेस' वर विश्वास ठेवू नका, या मॉडेलवर ते काउंटर फसवतात. 'शो एमएलएस क्यूओएस इंटरफेस स्टॅटिस्टिक्स' मध्ये आउट-ऑफ-प्रोफाइल (मर्यादेबाहेर गेलेला ट्रॅफिक) बघा. आणि इनपुट म्हणजे स्विचच्या नजरेतून इनपुट, युजरचं अपलोड. डाउनलोड बांधायला हीच पॉलिसी आउटपुटला लावायला गेलात तर ३५६० घेणार नाही, तिथे 'एसआरआर-क्यू बँडविड्थ लिमिट' ही कमांड आहे, तीही पोर्टच्या स्पीडच्या टक्क्यात.

घाबरू नका, चुकीच्या बर्स्टने नेटवर्क पडत नाही, फक्त स्लो होतं आणि तुम्ही बावळट दिसता. मात्र हे सगळं चालायला 'एमएलएस क्यूओएस' (स्विचची ट्रॅफिकला प्राधान्य देणारी यंत्रणा) ग्लोबली, म्हणजे पूर्ण स्विचवर ऑन करावं लागतं, आणि ते दिवसाढवळ्या करू नका म्हणजे नकाच. ऑन केल्या क्षणी ट्रस्ट (आलेलं मार्किंग तसंच मान, असं सांगणारी सेटिंग) न लावलेल्या सगळ्या पोर्टवर आत येणारं डीएससीपी मार्किंग, म्हणजे पॅकेटवरचा प्राधान्याचा शिक्का, शून्य होतं. आयपी फोनच्या पोर्टवर आधी ट्रस्ट लिहून ठेवा. मी ठेवलं नव्हतं, पण ती वेगळीच बोलणी खाल्ली.