शाळेने बोलावलं, कागद पुढे केले: सही कशावर करायची?

मी कोथरूडला विशेष शिक्षिका आहे. ऑटिझम असलेल्या मुलाने कुणाला ढकललं, चावा घेतला की शाळा पालकांना बोलावते आणि बरेचदा दोन कागद पुढे करते: हमीपत्र आणि वर्तन मूल्यमापनाचं, म्हणजे मूल असं का वागतं ते तपासण्याचं, संमतीपत्र. भेदरलेले आईबाबा दोन्हीवर सही करून येतात. तुम्ही दोन्ही कागद घरी आणा. ‘वाचून परवा देते’ म्हटल्याने आभाळ कोसळत नाही.

‘पुन्हा असे घडल्यास पाल्याचा दाखला घेऊन जाऊ’ असं हमीपत्रात असेल तर सही अजिबात नको. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) कलम 16 नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत शाळेला मुलाला काढून टाकता येत नाही. म्हणून तर दाखल्याचा अर्ज तुमच्याच अक्षरात हवा असतो! अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे आरटीई लागू होत नाही. पण शाळा मान्यताप्राप्त असेल तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 चं कलम 16 आहेच. भेदभाव न करता शिकवणं आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी देणं त्यात येतं.

‘आठवडाभर घरीच ठेवा’ हे फोनवरच सांगितलं जातं. त्याच संध्याकाळी ईमेल करा: कोणत्या घटनेमुळे, किती दिवस, कुणाच्या निर्णयाने, लेखी कळवावे. बऱ्याचदा एवढ्यानेच आठवड्याचे दोन दिवस होतात.

आता संमतीपत्र. मूल्यमापनाला नकार देऊ नका, ते मुलाच्याच कामाचं आहे. मात्र कोऱ्या चेकसारखी सही नको. निरीक्षण कोण करणार, वर्गात की मधल्या सुट्टीत, कोणत्या चाचण्या, अहवाल कुणाकुणाला दिसणार, हे लिहून घ्या. मानसशास्त्रज्ञांचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक विचारा. विचारण्यात उद्धटपणा काही नाही. सहीच्या वर स्वतः लिहा: ‘ही संमती मुलाला मदत ठरवण्यासाठी आहे, शिक्षेसाठी नाही. अहवालाची प्रत मिळावी.’ आणि सही केलेल्या कागदाचा फोटो काढून ठेवा.

‘मुलगा आक्रमक आहे’ असा शेरा म्हणजे मूल्यमापन नव्हे. घटनेच्या आधी काय झालं, मुलाने नेमकं काय केलं, त्यानंतर मोठ्यांनी काय केलं, हे तिन्ही तीन रकान्यांत, वेळेसकट लिहिलेलं हवं. तशीच एक वही घरीही ठेवा, झोपेच्या नोंदीसह. एका मुलाच्या सगळ्या तक्रारी सकाळच्या पहिल्या दोन तासांतल्या होत्या. आईच्या वहीत दिसलं की घराजवळच्या ढोलपथकाचा सराव सुरू झाल्यापासून तो रात्री उशिरापर्यंत जागा असे. गणपती जवळ आले की पुण्यात हे व्हायचंच. शाळेने त्याला प्रार्थनेच्या रांगेतून सूट दिली, पहिला तास कोपऱ्यातल्या शांत बाकावर बसवलं, आणि ढकलाढकली पुष्कळ कमी झाली. तिसऱ्या रकान्याकडेही, म्हणजे मोठ्यांनी काय केलं त्याकडे, नीट बघा. ढकललं की वर्गाबाहेर पाठवतात, आणि मुलाला गोंगाटातून सुटायचंच असतं! मग ती शिक्षा कसली, बक्षीसच ते.

अमेरिकेतले नातेवाईक तिथले नियम पाठवतात. शिस्तीपोटी सलग दहापेक्षा जास्त शालेय दिवस बाहेर ठेवायचं ठरलं, तर वर्तन अपंगत्वातून आलं का हे ठरवणारी बैठक तिथे घ्यावी लागते. तो दहा दिवसांचा नियम इथे मुख्याध्यापकांना ऐकवू नका, लगेच ‘हे भारत आहे’ ऐकावं लागेल. ‘हे वर्तन अपंगत्वातून आलं का?’ हा प्रश्न मात्र जरूर विचारा, आणि बैठकीच्या इतिवृत्तात लिहायला लावा.

एवढं करूनही शाळा हटून बसली, तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन पोच घ्या, मग शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. त्यापुढे राज्याचे दिव्यांग आयुक्त, आणि त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे. अर्जासोबत यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), ईमेल आणि त्या वहीच्या झेरॉक्स जोडा. मूळ वही कुणालाही देऊ नका.