काटकसरीतून लवकर निवृत्ती : गंगाजळीचा हिशेब कसा मांडावा

महाराष्ट्र शासनाने १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांसाठी जुनी निवृत्तिवेतन योजना बंद केली. खासगी नोकरीत कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून मिळणारी रक्कम तर पगाराच्या १५ हजार रुपयांच्या मर्यादेवर मोजली जाते, त्यामुळे पस्तीस वर्षे नोकरी करूनही बहुतेकांच्या हाती महिन्याला साडेसात हजारांच्या आसपासच रक्कम पडते. म्हातारपणाची तजवीज स्वतःच करायची हे एकदा ठरले, की पुढचा प्रश्न ओघाने येतो : ती साठीपर्यंतच का करायची, पन्नाशीच्या आत का पुरी करायची नाही? हे साध्य होण्यासारखे आहे, पण त्यासाठी जास्त परताव्याच्या शोधापेक्षा खर्चाचा अचूक हिशेब अधिक उपयोगी पडतो. या लेखात पुण्यासारख्या शहरात राहणारे, स्वतःचे घर असलेले तिघांचे नोकरदार कुटुंब डोळ्यांसमोर ठेवले आहे.

आधी वर्षाचा खर्च

महिन्याच्या खर्चाला बाराने गुणून वर्षाचा खर्च काढणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. किराणा, दूध, गॅस, वीज, सोसायटीचा मेंटेनन्स, धुणीभांड्यांच्या ताईंचा पगार आणि पेट्रोल हे खर्च दरमहा डोळ्यांसमोर असतात. विम्याचे हप्ते, मालमत्ता कर, शाळेची फी, गणपती, दिवाळी, गावी जाणे, लग्नकार्यातले आहेर, दुचाकीचे टायर आणि पाच-सात वर्षांनी येणारी घराची रंगरंगोटी मात्र त्या गुणाकारात येतच नाहीत. म्हणून किमान बारा महिन्यांची बँकेची विवरणपत्रे उतरवून घ्यावीत आणि नवरा-बायकोने एकत्र बसून त्यांतील प्रत्येक नोंदीवर तीनपैकी एका रंगाची खूण करावी : अपरिहार्य खर्चाला एक रंग, हौसेच्या खर्चाला दुसरा, आणि कशावर खर्च झाला तेच आठवत नाही अशा नोंदींना तिसरा. मोबाइलवरून पैसे देण्याची सवय लागल्यापासून हा तिसरा रंग बहुतेक घरांत बराच पसरलेला दिसतो, आणि काटकसरीची सुरुवात तिथून केली तर ती कोणालाच जाचत नाही.

समजा, दरमहाचा खर्च ४५ हजार, म्हणजे वर्षाला ५ लाख ४० हजार रुपये निघाला आणि वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांची बेरीज १ लाख ८० हजार झाली. एकूण वार्षिक खर्च ७ लाख २० हजार रुपये, म्हणजे सरासरीने महिना ६० हजार. पुढचे सगळे गणित या आकड्यावर उभे असल्यामुळे तो मनाला बरा वाटेल असा कमी करून लिहू नये.

किती पट गंगाजळी हवी

वार्षिक खर्चाच्या २५ पट रक्कम जमली की नोकरी सोडता येते, असे सर्रास सांगितले जाते. या आकड्याचा उगम अमेरिकेत आहे. तेथील वित्तीय नियोजक विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये आणि टेक्सासमधील ट्रिनिटी विद्यापीठाच्या तीन प्राध्यापकांनी १९९८ मध्ये अमेरिकी शेअर आणि रोख्यांचा इतिहास तपासला. पहिल्या वर्षी गंगाजळीच्या सुमारे ४ टक्के रक्कम काढली आणि पुढे महागाईप्रमाणे ती वाढवत नेली, तर पैसे साधारणपणे ३० वर्षे पुरतात, असा त्याचा मथितार्थ होता. आपल्याकडे ही पट जशीच्या तशी उचलण्यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे पंचेचाळिसाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला ३० नव्हे, ४५ वर्षांची सोय करावी लागते. दुसरी म्हणजे महागाई. तिचा वेग ६ टक्के धरला तर खर्च दर बारा वर्षांनी दुप्पट होतो, आणि ४५ वर्षांत आजचे ६० हजार रुपये महिना सव्वाआठ लाखांवर जातात. हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही, कारण गंगाजळीही वाढत असते, पण २५ पटीवर विसंबून राजीनामा देणे धाडसाचे आहे. माझ्या मते पन्नाशीच्या आत निवृत्त होणाऱ्याने किमान ३५ पट धरावी. आपल्या उदाहरणात ती २ कोटी ५२ लाख रुपये होते. मुलांचे उच्च शिक्षण आणि लग्न यांची तरतूद या रकमेच्या बाहेर, वेगळ्या खात्यात हवी.

आता या रकमेपर्यंत पोहोचायला किती वर्षे लागतील ते पाहू. गुंतवणुकीवर महागाई वजा जाता ३ टक्के परतावा मिळतो असे धरले आणि शून्यापासून सुरुवात केली, तर हातात येणाऱ्या पगारातील ३० टक्के बचत करणाऱ्याला ३५ पट जमवायला सुमारे ४२ वर्षे लागतात. बचत ४० टक्के असेल तर ३२, ५० टक्के असेल तर २४ आणि ६० टक्के असेल तर १८ वर्षे लागतात. या हिशेबात पगार किती हा प्रश्न कुठेच येत नाही, फक्त पगाराचा कितवा हिस्सा मागे राहतो एवढेच येते. खर्चात केलेली कपात दोन्ही बाजूंनी कामी येते : महिन्याला ५ हजार रुपये कायमचे वाचले की वर्षाला ६० हजारांची बचत वाढते, आणि त्याच वेळी लागणारी गंगाजळी २१ लाखांनी कमी होते. पगारवाढीचा असा दुहेरी उपयोग होत नाही, उलट वाढीबरोबर राहणीमान वाढले तर लक्ष्य आणखी दूर सरकते.

काटकसर नेमकी कुठे करावी

टपरीवरचा चहा बंद करा, असा सल्ला देण्याची पद्धत आहे. दिवसाला ३० रुपयांप्रमाणे महिन्याच्या २५ दिवसांचा चहा वर्षाला ९ हजारांचा होतो आणि ३५ पटीच्या हिशेबाने त्याचेही ३ लाख १५ हजार होतात, हे खरे आहे. तरीही तो चहा प्यावा असेच मी म्हणेन, कारण अशा लहानसहान गोष्टींवर घरात रोज कटकट झाली की सगळी योजनाच वर्षभरात गुंडाळली जाते. घराच्या हिशेबाचा मोठा भाग दहा-पंधरा वर्षांतून एकदा घेतल्या जाणाऱ्या चार-पाच निर्णयांवर ठरतो, आणि नेमके तेच निर्णय आपण सणाच्या मुहूर्तावर घाईने घेतो.

मोटारीचे उदाहरण घ्या. बारा लाखांची मोटार दर सात वर्षांनी बदलणारे कुटुंब वर्षाला सुमारे १ लाख ७१ हजार रुपये मोटारीवर घालवते, तर तीच मोटार चौदा वर्षे वापरणारे सुमारे ८६ हजार. या फरकाला ३५ ने गुणले तर ३० लाख रुपये होतात. जुन्या मोटारीची विक्रीची किंमत आणि वाढता दुरुस्तीखर्च धरून हा आकडा निम्म्यावर आणला तरी त्यात आयुष्यभराचा चहा कित्येकदा भागतो.

घराचा निर्णय याहूनही मोठा. ६० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे ५२ हजार येतो आणि एकूण परतफेड १ कोटी २५ लाखांच्या घरात जाते. शहरातील फ्लॅटचे वर्षाचे भाडे बऱ्याचदा त्याच्या किमतीच्या ३ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून तरुणपणी काही वर्षे भाड्याने राहून बचत करणे पुष्कळदा परवडते. मात्र निवृत्तीच्या वेळी घर स्वतःचे आणि कर्जमुक्त असावे, कारण २५ हजारांचे भाडे ३५ पटीने गंगाजळीत १ कोटी ५ लाखांची भर मागते आणि वर दर अकरा महिन्यांनी करार नव्याने करण्याची दगदग पाठीशी लागते. घर घेताना मात्र दोन खोल्या पुरत असतील तर तिसरी केवळ पाहुण्यांसाठी म्हणून घेऊ नये.

लग्नाच्या खर्चाबद्दल जाहीरपणे कोणी बोलत नाही, पण कित्येक घरांची सात-आठ वर्षांची बचत त्या दोन दिवसांत संपते. नोंदणी पद्धतीने विवाह आणि जवळच्या माणसांना जेवण, असा बेत मुलांशी आधीच मोकळेपणाने बोलून ठरवता येतो. त्यासाठी विशेष विवाह कायद्याप्रमाणे ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, एवढे ध्यानात ठेवावे.

रोजच्या संसारात काटकसरीच्या काही पद्धती आपल्या घरांत पूर्वापार आहेतच. एप्रिल-मे महिन्यांत वर्षाचे गहू भरून उन्हे द्यावीत, तूरडाळीला एरंडेल चोळून ती कोरड्या डब्यात ठेवावी, तिखट-मसाला घरी करून घ्यावा. पैशांची बचत यात बेताचीच होते, पण भरलेला डबा घरात असला की बाहेरून जेवण मागवण्याचे प्रमाण आपोआप घटते आणि खरी बचत तिथे दिसते. आजारपण, दात, डोळे आणि आईवडिलांची औषधे यांवर मात्र कात्री चालवू नये.

पैसे कुठे ठेवावेत

नोकरीतला भविष्य निर्वाह निधी आणि पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) हा पाया समजावा. पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखापर्यंत रक्कम भरता येते, व्याज करमुक्त असते, आणि पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांनी मुदत वाढवता येते, म्हणून पंचविशीत उघडलेले खाते चाळिशीत मोकळे होते आणि लवकर निवृत्तीला नेमके उपयोगी पडते. राष्ट्रीय पेन्शन योजनेचे तसे नाही. ती मुळात साठीच्या हिशेबाने आखलेली असल्यामुळे सगळी बचत तिच्यात घालणाऱ्याला कागदावर गंगाजळी दिसते, पण पंचेचाळिसाव्या वर्षी ती हवी तशी हाती येत नाही.

महागाईवर मात करण्यासाठी शेअर बाजाराला पर्याय नाही, आणि सामान्य नोकरदाराला निर्देशांकाधारित (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातील शेअर त्याच प्रमाणात घेणारे) म्युच्युअल फंड पुरेसे आहेत. जानेवारी २०१३ पासून म्युच्युअल फंडांच्या डायरेक्ट योजना उपलब्ध आहेत, त्यांत वितरकाचे कमिशन नसते. शुल्कातील एका टक्क्याचा फरक किरकोळ वाटतो, पण अडीच कोटींवर एक टक्का म्हणजे वर्षाला अडीच लाख, आपल्या उदाहरणातील कुटुंबाच्या वर्षाच्या खर्चाचा तिसरा हिस्सा. विमा आणि गुंतवणूक एकत्र बांधलेल्या पॉलिसींपासूनही याच कारणाने लांब राहावे. गंगाजळी पूर्ण होईपर्यंत मुदतीचा शुद्ध आयुर्विमा घ्यावा आणि ती झाली की बंद करावा.

पतसंस्थेत एक-दीड टक्का जास्त व्याज मिळते म्हणून आयुष्यभराची पुंजी तिथे ठेवण्याचा मोह आपल्याकडे अनेकांना होतो. बँकेतील ठेवींना एका बँकेत एका ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थेतील ठेवींना ते नाही. भिशीलाही हाच न्याय लावावा.

निवृत्तीनंतरची पहिली काही वर्षे सर्वांत नाजूक असतात. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स त्याच ऑक्टोबरमध्ये ८ हजारांच्या आसपास आला आणि पुन्हा २१ हजार पाहायला नोव्हेंबर २०१० उजाडला. अशा काळात घरखर्चासाठी फंडाची युनिटे विकावी लागली तर गंगाजळीला पडलेले भगदाड पुढे बुजत नाही. म्हणून किमान तीन वर्षांचा खर्च, म्हणजे आपल्या उदाहरणात २१ लाख ६० हजार रुपये, मुदत ठेवी आणि तत्सम सुरक्षित जागी अलग ठेवावेत, बाजार चढा असताना त्यात भर घालावी आणि उतरलेला असताना फक्त त्यातूनच खर्च करावा.

राजीनाम्याआधीची तयारी

कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. मधुमेह किंवा रक्तदाब जडल्यानंतर नवी पॉलिसी महाग पडते आणि आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, त्यामुळे कंपनीचा विमा असतानाही तिशीतच स्वतःची स्वतंत्र पॉलिसी सुरू करावी. तिचा हप्ता वयाप्रमाणे वाढत जाणार हे वार्षिक खर्चात धरावे.

लक्ष्य गाठले की लगेच राजीनामा न देता एक वर्ष नोकरीत राहूनच निवृत्तीच्या खर्चात संसार करून पाहावा : महिन्याला ६० हजार एका खात्यात वळवावेत आणि उरलेल्या पगाराला हातच लावू नये. दिवाळी, शाळेची फी आणि एखादे अवचित आजारपण असे सगळे त्यात निभावले तर हिशेब खरा ठरला, नाही निभावले तर आकडा नव्याने मांडावा. ज्यांना पूर्ण गंगाजळीची वाट पाहायची नसेल त्यांना मधला मार्गही मोकळा आहे. जोडीदारापैकी एकाने नोकरी सोडली किंवा दोघांनी मिळून शिकवण्या, भाषांतर, हिशेबनिसी अशा कामांतून महिन्याला २० हजार मिळवले, तर वर्षाचे २ लाख ४० हजार त्यातून भागतात, आणि ते काम चालू आहे तोवर गंगाजळीवरचा भार तिसऱ्या हिश्श्याने हलका होतो.

नोकरी सोडण्यापूर्वी बँकेतील बचत खाती संयुक्त करावीत, नामनिर्देशन तपासावे आणि मृत्युपत्र करावे. बँकेला पगारपत्रक लागेल अशी कोणतीही कामे पगार चालू असतानाच उरकावीत. शेवटचा दिवस शक्यतो मार्चअखेरीस धरावा. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडांवरील (रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडांवरील) नफा एकूण उत्पन्नात मिळवून त्यावर कर लागतो, म्हणून ते फंड विकायचे असतील तर पगार नसलेल्या नव्या आर्थिक वर्षातच विकावेत. शेअर फंडांत वर्षाहून जुन्या युनिटांवर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आहे आणि त्याहून जास्त नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. पती-पत्नी दोघांनी आपापल्या पगारातून सुरुवातीपासून वेगवेगळी गुंतवणूक केली असेल, तर ही सवलत दोघांनाही स्वतंत्रपणे दरवर्षी घेता येते.